कागदावरची ओ

टोपीताईंचं खरं नाव इस्पितळाच्या हजेरीपटावर आहे आणि तिथेच ते सुखाने नांदतं. बाकी सगळ्या इमारतीत, तळघरातल्या धुलाईपासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, त्या टोपीताईच. येईल त्याला टोपी घालणं हे गेली सव्वीस वर्षं त्यांचं काम. "लोकांना टोप्या घालून माझा संसार उभा राहिला," असं त्या स्वतःच सांगतात, आणि ऐकणारा नवखा माणूस दचकला की मनापासून खूश होतात.

टोपी ताणल्या जाणाऱ्या कापडाची, हनुवटीखाली पट्ट्याने बांधायची. तिला बत्तीस भोकं, प्रत्येक भोकात शर्टाच्या बटणाएवढी चकती, प्रत्येक चकतीला एक तार. मेंदूत सदोदित वीज खेळत असते, इतकी क्षीण की तिच्यावर मुंगीच्या डोळ्याएवढा दिवादेखील लागायचा नाही. ती ह्या तारांतून मशीनमध्ये जाते आणि पडद्यावर बत्तीस रेघा थरथरायला लागतात. चकती आणि कातडी ह्यांच्यामध्ये गार, चिकट मलम भरावं लागतं. ते भरण्याआधी केस बाजूला सारून भांग पाडावा लागतो, आणि इथे ताईंचा हात धरणारा कोणी नाही. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. लहानपणी शाळा सुटली की ताई तिथेच एका उंच स्टुलावर बसून गृहपाठ करायच्या. "वडिलांनी डोकी बाहेरून सांभाळली, मी आतून सांभाळते. धंदा एकच," हे त्यांचं आणखी एक ठेवणीतलं वाक्य.

त्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला आहे. तिला खिडकी नाही, आणि आवाज आत येऊ नये म्हणून दाराला जाड लोकरी नमद्याची पट्टी ठोकलेली. एक मागे कलणारी खुर्ची, एक मशीन, आणि कोपऱ्यात गरम पाण्याचं बेसिन. तपासणी झाली की मलम धुवायला पाणी लागतं. नियमाप्रमाणे रुग्णाला टॉवेल दिला की काम संपलं. ताई मात्र स्वतः डोकं धुतात, पुसतात, आणि खिशातून कंगवा काढून ज्याचा त्याचा भांग पुन्हा जिथल्या तिथे पाडून देतात. आलेला माणूस निदान केसांनी तरी होता तसाच परत जावा, असं त्यांचं म्हणणं.

आता तपासणी. कानावर आवाजाचे डबे चढवायचे. त्यातून ठरावीक अंतराने एक जाड आवाज येत राहतो, टुक, टुक, टुक. मध्येच कधीतरी एक बारीक, टिंग. रुग्णाने फक्त टिंग मोजायचे. टुकला मेंदू फारशी दाद देत नाही. पण ज्याची वाट पाहिली ते टिंग वाजलं, की सेकंदाचा तिसरा हिस्सा उलटायच्या आत रेघ एक उसळी घेते. एका उसळीत काही दिसत नाही, बाकीच्या गलबल्यात ती बुडून जाते. गजबजलेल्या बाजारात कोणी एकदाच काही बोललं तर कळत नाही, पण एकच माणूस एकच शब्द शंभर वेळा बोलला तर कळतो. मशीन तेच करतं. शंभर वेळा ऐकून त्यांची सरासरी काढतं आणि कागदावर एक गोलसर उंचवटा उमटवतं. माणसाचं लक्ष होतं, त्याला फरक कळला, ह्याची ती खूण.

डॉक्टरांकडे ह्या उंचवट्याला एक अक्षर आणि एक आकडा असं कोरडं नाव आहे. ताई त्याला 'ओ' म्हणतात. फार पूर्वी एक आजी तारा बघून घाबरल्या होत्या. ताईंनी त्यांना समजावलं, "आजी, कोणी हाक मारली की आपण 'ओ' देतो ना? तसं डोकंही आतल्या आत ओ देतं. ती आम्ही कागदावर लिहून घेतो, बस." आजी शांत झाल्या आणि शब्द इस्पितळात रुजला. आता मोठमोठे डॉक्टर जिन्यावरून ओरडतात, "ताई, ओ आली का?" बाहेरगावाहून आलेले एक पाहुणे डॉक्टर तर हा कुठला नवा शोध म्हणून दोन दिवस पुस्तकं चाळत होते.

एवढी डोकी पाहिल्यावर ताईंचं एक मत पक्कं झालंय. अमक्याचं लक्ष नसतं, असं कधी म्हणू नये. लक्ष असतंच, ते कुठे असतं एवढाच प्रश्न. एका कारकुनाला टिंग म्हणून मोजता येईना. चाळीसात सात! पण नेमकं त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं, आणि बाहेरून चहाची गाडी खडखडत गेली की त्याच्या रेघा अशा उसळायच्या की बघत राहावं. "ह्यांना काहीही झालेलं नाही," ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, "फक्त ह्यांना आधी चहा द्या." चहानंतर सदतीस मोजले.

पण हसत्या माणसाचाही एखादा कोपरा दुखरा असतोच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ताईंनी एका बेशुद्ध मुलीच्या आईला बाहेर येऊन उत्साहाने सांगून टाकलं होतं, "ओ दिली हो तुमच्या लेकीने!" ती ओ नव्हती. पापण्यांची फडफड होती. पापणी हलली तरी रेघ उसळते, आणि ताईंनी डोळ्यांजवळच्या तारा तपासल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या आईसमोर जाऊन शब्द मागे घ्यावे लागले. तो चेहरा ताई विसरलेल्या नाहीत. तेव्हापासून कागद दोनदा बघितल्याशिवाय त्यांच्या तोंडून हूं की चूं निघत नाही.

असो. सांगायचं होतं ते घड्याळकाकांचं.

घड्याळकाका हे बाजारपेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानात पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. एका डोळ्याला भिंग लावायचं आणि मान खाली घालायची, ती जेवायच्या वेळी वर. भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवताना शिडी सरकली, काका डोक्यावर पडले. जीव वाचला. पण नऊ आठवडे झाले, डोळे उघडे आणि माणूस गप्प. बोट हलवलं तर नजर हलत नव्हती, टाळी वाजवली तर मान वळत नव्हती.

काकू रोज सकाळी यायच्या. हातात थर्मास, तोंडावर तक्रार. नवरा नऊ आठवडे पडून आहे ह्याची तक्रार नव्हे, ती त्या कुणापाशी बोलत नसत. नर्सने चादर तिरकी घातली, पंख्याचा आवाज येतो, असल्या. ताईंना ही बाई पहिल्याच दिवशी आवडून गेली.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांची बैठक होती. तिसऱ्या मजल्यावर एक सुधार-विभाग आहे. तिथे माणसाला रोज बसवतात, हातपाय हलवतात, त्याच्याशी बोलतात, पुन्हापुन्हा शिकवतात. खाटा मोजून बारा. ज्याच्या आत काही जागं आहे असं दिसतं त्यालाच ती खाट मिळते. बाकीच्यांची रवानगी शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात होते. तिथे स्वच्छता असते, वेळेवर अन्न असतं, आणि कोणी कशाची अपेक्षा करत नाही. काका कुठे जाणार, ते गुरुवारी ठरायचं होतं. आणि त्यासाठी सोमवारी त्यांना टोपी चढली.

अशा रुग्णाला टिंग मोजा म्हणून सांगता येत नाही. त्याच्यासाठी दुसरी युक्ती आहे. टुकच्या जागी परकी नावं ऐकवायची आणि अधूनमधून त्याचं स्वतःचं नाव. स्वतःच्या नावाला मेंदू गर्दीतही ओ देतो, झोपेतसुद्धा देतो. नर्सने केसपेपरवरून काकांचं नाव खणखणीत आवाजात ध्वनिमुद्रित केलं. ते दोनशे वेळा वाजलं. रेघ सपाट.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. ह्या डॉक्टरीणबाई वयाने ताईंच्या मुलीएवढ्या आणि शिस्तीने सासूएवढ्या. "प्रतिसाद नाही, ताई. तसं लिहिते."

"लिहा," ताई म्हणाल्या. कागद दोनदा बघून झाला होता. पण काकांचं डोकं धुताना, भांग पाडताना त्यांना चैन पडेना. काकांच्या कानाला काही झालं नव्हतं. आवाज कानातून मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत पोचत होता, तसं आधीच्या, कानाच्या तपासणीत साफ दिसलं होतं. मग आपल्या नावाला माणूस इतका परका कसा?

उत्तर संध्याकाळी घरी मिळालं. ताई ओट्याशी होत्या, हात कणकेत, आणि दाराची बेल वाजली. "अहो!" त्या ओरडल्या. आतल्या खोलीतून त्यांचे मिस्टर, शब्दकोड्यातून मान वर न काढता, म्हणाले, "ओ."

ताई तशाच उभ्या राहिल्या. बेल पुन्हा वाजली. कोणीच दार उघडलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि ताईंनी नवऱ्याला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. ऑफिसात त्यांना आडनावाने ओळखायचे, भाचेमंडळी मामा म्हणायची. त्यांचं नाव होतं कुठे? रेशनकार्डावर!

"अहो, मी सव्वीस वर्षं मूर्ख आहे," ताई म्हणाल्या.

"सव्वीस?" मिस्टर म्हणाले. "बरं, दार उघडू का?"

मंगळवारी सकाळी ताईंनी काकूंना थर्माससकट गाठलं. "काकू, तुम्ही काकांना हाक कशी मारता?"

"म्हणजे?"

"नावाने?"

"नावाने?" काकूंनी पदर सावरला. "मी कशाला नाव घेऊ? काहीतरीच काय!"

"मग दुकानात?"

"सगळा बाजार घड्याळकाका म्हणतो. त्यांची आई होती तोवर ती नाव घ्यायची. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली."

"आणि तुम्ही?"

"मी आपलं अहो म्हणते," काकू म्हणाल्या. "तेही तीनदा म्हणावं लागतं. उभ्या जन्मात एका हाकेत ऐकलं नाही ह्या माणसाने. चहा टेबलावर ठेवायचा, अहो म्हणायचं. पुन्हा अहो. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून. तोवर चहा निवून पाणी. मान वर करून वर मलाच विचारणार, हाक मारलीस का!"

ताई धावतच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि नेमक्या जागी बोट ठेवलं. "पण ताई, अहो काय, कोणीही कोणालाही म्हणतं. तुम्ही मलासुद्धा 'अहो डॉक्टर' म्हणता. त्याला ओ आली तर ती शब्दाला आली की कोणाला आली, कसं कळणार?"

बिनतोड मुद्दा होता. ताईंनी खाली जाईपर्यंत विचार केला, आणि अर्ध्या जिन्यातून परत वर आल्या. "शब्द एकच ठेवू या. आवाज बदलू. मी अहो म्हणते, कँटीनवाल्या मावशी म्हणतील, नर्स म्हणेल. ते झाले आपले टुक. आणि पाच-सहांत एकदा काकूंचं अहो. ते टिंग. सगळे सारख्याच लांबीचे, सारख्याच जोराचे."

बाई पहिल्यांदा हसल्या. "बैठक गुरुवारी नऊला आहे," एवढंच म्हणाल्या.

ताईंचं अहो एका फटक्यात झालं. मावशींनी तर असं म्हटलं की कँटीनमधला कोणीही बाकावरून उठला असता. नर्सचंही जमलं. घोडं अडलं काकूंपाशी. त्या मायक्रोफोनसमोर हात जोडून बसल्या आणि पाहुण्यांसमोर कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाल्या, "अहो."

"काकू, हे नाही हो चालायचं. घरी म्हणता तसं म्हणा."

"समोर कोणी नसताना अहो कोणाला म्हणू? भिंतीला?"

ताईंनी समोर खुर्ची मांडली, खुर्चीवर काकांचा शर्ट ठेवला. काकू शर्टाची कॉलर सरळ करायला लागल्या, आणि ताईंनी घाईने शर्ट उचलला. त्यांना स्वतःचाच राग आला. दहा वेळा प्रयत्न झाला. दहाही वेळा ते अहो कोणा बँकेच्या साहेबाला असावं असं निघालं. काकू रडकुंडीला आल्या. "माझ्यामुळेच अडणार बहुतेक," त्या म्हणाल्या, "मला एक हाकसुद्धा धड मारता येत नाही."

"अडत नाही काही. चहा घ्या आधी," ताई म्हणाल्या. काकूंनी थर्मास उघडला. सवयीने दोन झाकणांत ओतला. रोज वॉर्डात तसंच ओतायच्या, दुसरा कोणी पिणार नसला तरी. ताई मशीनकडे पाठ करून तारा गुंडाळत बसल्या. ध्वनिमुद्रण चालूच होतं. जरा वेळ गेला. मग मागून आलं,

"अहो, निवतोय की तो चहा!"

ताई वळल्या तेव्हा काकू तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. हाक ताईंनाच होती, पण ताईंना नव्हतीच ती. पहिला शब्द ताईंनी तिथेच कापून वेगळा काढला. त्यात किंचित कंटाळा होता, जरा धाक होता, आणि ह्या माणसाने एकदाच ऐकलं तर बिघडेल काय, असं सगळं होतं.

बुधवारी दुपारी काकांना पुन्हा टोपी चढली. ताईंनी डोळ्यांजवळच्या तारा दोनदा तपासल्या, मग तिसऱ्यांदा. दार घट्ट लावलं. कँटीनच्या मावशींना चहाची गाडी पलीकडच्या बाजूने न्यायला सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. अहो, अहो, अहो, अहो. चार बायका एका माणसाला अर्धा तास हाका मारत होत्या, आणि तो छताकडे बघत होता.

मशीनने कागद सोडला. परक्या आवाजांची रेघ सपाट, शांत. काकूंच्या आवाजाची रेघ सुरुवातीला तिच्याच बरोबरीने निघाली. मग थोड्या अंतरावर तिने हळूच मान वर काढली, गोल वळण घेतलं आणि खाली आली.

ताईंनी आधी पापण्यांची रेघ पाहिली, स्वच्छ होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्ध्या-अर्ध्या हाका वेगळ्या काढा." पहिल्या अर्ध्याची सरासरी काढली, उंचवटा होता. दुसऱ्या अर्ध्याची काढली, तिथेच होता, तसाच होता. मग कागद ताईंनी आणखी एकदा पाहिला. चष्म्यावर पाणी आल्यामुळे तो नीट दिसत नव्हता.

"ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओ आली का?"

"आली," ताई म्हणाल्या. सव्वीस वर्षांत हा शब्द त्यांनी हजारदा उच्चारला असेल, पण आजच्याइतका जपून कधीच नाही.

"मग मी सोमवारचा शेरा खोडते. वरची खाट मिळेल. उद्या बैठकीत मी बघते." आणि दारातून वळून म्हणाल्या, "काकूंना तुम्हीच सांगा. शब्द तुमचा आहे."

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, थर्मास मांडीवर धरून. ताई त्यांच्याशेजारी बसल्या आणि बेताबेताने बोलल्या. आधी सांगितलं की काका उद्या उठून बसतील असा ह्याचा अर्थ नाही. पुढे किती सुधारेल, कोणी सांगू शकत नाही. पण काका तिसऱ्या मजल्यावर जातील. आणि मग कागद उलगडून बोट ठेवलं. "ही तुमची हाक. आणि ही त्यांची ओ."

काकूंनी त्या उंचवट्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ. मग नाक पुसून एकदम विचारलं, "कितव्या हाकेला दिली?"

"तसं एकेक हाक वेगळी नाही काढता येत. सगळ्यांची मिळून सरासरी असते. पण हाक इथे संपते, बघा, आणि ओ इथे. मध्ये अर्धा सेकंदसुद्धा नाही."

"अर्धा सेकंद?"

"त्याहून कमीच."

काकू कागदाकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हिशेब दिसला, मग संशय, आणि मग असं काही उजळलं की ताई बघतच राहिल्या. "म्हणजे ऐकू येत होतं!" काकू म्हणाल्या. "अहो ताई, म्हणजे ह्या माणसाला सगळं पहिल्या झटक्यात ऐकू येत होतं! आणि मी पंचेचाळीस वर्षं तीन-तीन हाका मारत बसले!" त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही थांबवण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. ताईही हसायला लागल्या. शेजारून जाणाऱ्या वॉर्डबॉयने दोघींकडे बघून पावलं भरभर उचलली.

मग काकू उठल्या. आत गेल्या. ताईंनी काकांचं डोकं धुऊन ठेवलं होतं, भांग जिथल्या तिथे होता. काकूंनी थर्मासच्या दोन झाकणांत चहा ओतला, एक काकांच्या उशाशी ठेवला, आणि त्यांच्या कानापाशी वाकल्या. आवाज चढवला नाही. एकदाच म्हणाल्या,

"अहो, पकडले गेलात."